रुंजीच्या दातांवरची तार

फार पूर्वी, रानातले प्राणी आपसांतच औषधपाणी करत तेव्हाची गोष्ट. रुंजी शेकरूचे पुढचे दात एकावर एक चढले होते. तिला बेहड्याचं कवच फोडता येईना, म्हणून दातांचे जाणकार साळिंदरकाका यांनी तिच्या दातांना तार बसवली.

"तारेखाली अन्न अडकतं," काका म्हणाले. "खाल्लं की दात घास, आणि रोज ही फ्लोराइडची पेस्ट लाव. दाताचं वरचं आवरण त्यानं टणक राहतं."

रुंजीने आधी सगळं नेमाने केलं. मग जांभळं पिकली आणि दात घासायचे राहून जाऊ लागले. दात तर सरळ होतायत, मग काय बिघडलं, असं तिला वाटे.

एके सकाळी ओढ्याच्या पाण्यात तिला तारेच्या कडेने खडूसारखे पांढरे डाग दिसले. ती तशीच काकांकडे धावली.

"काका, ही तार काढा. हिनेच माझे दात बिघडवले."

काकांनी दात नीट पाहिले. "तारेनं नाही गं, तिच्याभोवती साचलेल्या गोडानं. आवरण मऊ पडलंय, पण अजून तुटलेलं नाही. आता तरी जपशील?"

रुंजी खाली मान घालून "हो" म्हणाली, आणि या वेळी तिने खरंच जपलं.

तार निघाली तेव्हा दात एका ओळीत होते. डाग पुसट झाले होते, पूर्ण गेले नव्हते. रुंजीने भीत भीत बेहडा फोडला. दात शाबूत राहिले. आतला गर तिने चवीने खाल्ला, आणि कुणी न सांगता ती दात घासायला ओढ्याकडे निघाली.