कोपरा नसलेलं खुराडं

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. रण त्याने चित्रातच पाहिलं होतं, आणि धवल म्हणावा असा त्याच्यापाशी एक घोडा होता, तोही म्हातारा. खरी सत्ता चाले ती कराळ नावाच्या मांत्रिकाची. कराळने डरकाळी फोडली की अख्खा दरबार कोपऱ्यात पळे. प्रधान सेनापतीच्या अंगावर, सेनापती पुरोहिताच्या अंगावर, आणि सगळ्यांत खाली जो सापडेल त्याच्या बरगड्यांचं देव जाणे. दुसऱ्या दिवशी सगळे पागोटी सावरून आपापल्या आसनांवर येऊन बसत, आणि कालचा विषय कोणी काढत नसे.

राजाला काळिंदी नावाची मुलगी होती आणि इंद्रनीळ नावाचा लहान मुलगा. आई गेल्यापासून इंद्रनीळला काळिंदीनेच भरवलं, न्हाऊ घातलं, रागे भरलं. तो तिचा जीव की प्राण होता.

एके दिवशी कराळची पालखी नगराच्या चौकातून निघाली. मोठी माणसं रस्त्यावर आडवी पडली. चौकात मुलं आट्यापाट्या खेळत होती, ती मात्र उभीच राहिली. इंद्रनीळ पाटीवर हात पसरून म्हणाला, "जरा थांबा. आमचा डाव चालू आहे."

कराळने पालखीतून एक बोट बाहेर काढलं. चौकात मुलं होती तिथे अंड्यातून नुकतीच निघालेली, अंग धड न वाळलेली पिल्लं चिवचिवू लागली. कराळने दुसरं बोट काढलं आणि राज्यातल्या सगळ्या कोंबड्या दगडाच्या झाल्या. पिल्लांना पंखाखाली घ्यायला कोणी उरलं नाही.

पण शाप दिला की उःशाप द्यावाच लागतो, नाहीतर विद्या उलटते. म्हणून कराळ दरबारात येऊन म्हणाला, "यांच्या पंखांवर खरी पिसं येईपर्यंत ही सगळी जगली, तर पुन्हा माणसं होतील आणि माझी विद्या जाईल. एक जरी मेलं, तरी उरलेली कायमची पाखरं. मी तीनदा येईन. एकदा ऊब हिरावीन, एकदा पाणी हिरावीन, एकदा भय आणीन."

"जशी आज्ञा," राजा म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता येत नसे.

काळिंदी पुढे झाली. "मी सांभाळीन त्यांना."

"राजकन्ये, कोंबडीची पिल्लं कशी वाढवतात ते तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग कोणाला विचारशील?"

"पिल्लांना विचारीन. ती समोरच आहेत."

कराळ हसला आणि गेला. राजाने तेवढ्यात आपल्या परीने मुलीला मदत केली, म्हणजे घोटाळा केला. भांडारात कराळनेच कधीकाळी नजर केलेली सोन्याची चौकोनी पेटी होती, खोलीएवढी मोठी. तिच्यात ठेवलेलं धड परत मिळत नाही, असं भांडारी दबक्या आवाजात सांगे. पण मांत्रिकाची भेट वापरली नाही तर त्याचा अपमान होईल, म्हणून राजाने ती दरबारात आणवली आणि पिल्लं तिच्यात ठेवायचा हुकूम सोडला.

सोन्याच्या गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय दोन दिशांना फाकू लागले. काळिंदीने ते पाहिलं आणि पोतं भरून भाताचं तूस आणवलं. "सोन्यावर तूस!" प्रधान कळवळले. तिने ते चांगलं बोटभर जाड पसरलं. वर तुळईला साखळी बांधून निखाऱ्यांचं मडकं टांगलं. पिल्लांच्या बुडाला चिकटलेली घाण कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायला ती बसली, तेव्हा दासींनी तोंडं फिरवली.

"हलक्या हाताने पूस, पोरी. ओढलंस तर कातडं निघेल," कोणीतरी म्हणालं.

खिडकीत एक म्हातारी कोंबडी बसली होती. तिच्या मानेवर एकही पीस नव्हतं. लोक तिला बोडकी म्हणत, आणि कराळनेही तिला कोंबड्यांत धरलं नव्हतं, म्हणून ती दगड व्हायची राहिली होती.

"तू बस ना यांच्यावर," काळिंदी म्हणाली.

"मी खुडूक होऊन अंड्यांवर बसले त्याला जमाना झाला. एवढी पिल्लं माझ्या पंखाखाली मावायचीही नाहीत. सांगायला मात्र थांबते."

पहिल्यांदा कराळ आला तो ऊब न्यायला. आग त्याने विझवली नाही. गारठा आणि होरपळ यांच्यामध्ये जी जागा असते, ती त्याने हलती केली. मडकं आत्ता जिथे बरोबर होतं, तिथेच घटकाभराने चटका देई, आणि पुढच्या घटकेला तिथे बर्फासारखं गार पडे.

राजज्योतिषी पंचांग उघडून मडकं वरखाली करण्याचे मुहूर्त काढू लागले.

"ज्योतिषीबुवा, पिल्लांना पंचांग वाचता येत नाही," काळिंदी म्हणाली आणि साखळी आपल्या हातात घेऊन बसली.

पिल्लं सगळं सांगत होती. गारठली की मडक्याखाली एकमेकांत घुसत आणि कर्कश चिवचिवत. तिने साखळी सोडली की गप्प होत. उकडलं की भिंतीकडे पांगत, पंख अंगापासून सोडून, चोच वासून धापा टाकत. तिने साखळी ओढली की परत येत. तुसावर इकडेतिकडे सैल पसरून बारीक आवाजात किचकिचू लागली की सगळं ठीक. तिचे डोळे त्यांच्यावरून ढळले नाहीत. तळहात सोलून निघाले, तेव्हा तिने साखळीला पदर गुंडाळला.

एकदाच चूक झाली. थकून तिचा डोळा लागला आणि गारठा पडला. जागी होऊन पाहते तो पिल्लांचा ढीग पेटीच्या कोपऱ्यात, एकावर एक. तिने हातांनी ढीग उपसला. तळाशी एक पिल्लू चपटं होऊन पडलं होतं. तिने ते गळ्याशी धरलं, त्याच्यावर फुंकर घातली आणि मोठ्याने म्हणाली, "मरायचं नाही. माझ्या देखत नाही." बऱ्याच वेळाने त्याने पाय झाडला. काळिंदी रडली, आणि मग त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. ढीग पेटीच्या मधोमध झाला नव्हता. मध्ये असतं तर पिल्लं बाजूला निसटली असती. कोपऱ्यातून निसटायला वाट नव्हती.

ऊब पुन्हा जागेवर आली. कराळ दुसऱ्यांदा आला तो पाणी न्यायला. पाणी ताटलीत तसंच राहिलं, पण पिल्लांच्या डोळ्यांना ते दिसेनासं झालं. ती ताटलीच्या काठावर उभी राहून तहानेने माना टाकू लागली.

"नुकत्याच जन्मलेल्याला पाणी कोण दाखवतं? आई," बोडकी म्हणाली. "एकेकाला उचल. चोच बुडव. एकदा घोट गेला की विसरत नाहीत. गूळ टाक थोडा पाण्यात, आणि ताटलीत खडे ठेव, नाहीतर बुडून मरतील."

काळिंदीने पहिलं पिल्लू उचललं, तशी कराळने अट घातली. "दर चोचीमागे तुझ्या केसांची एक बट जाईल."

तिने चोच बुडवली. पिल्लाने मान वर करून घोट गिळला. तिच्या केसांची एक लांबसडक बट तुसावर पडली. तिने दुसरं उचललं.

जमलेल्या बायका हळहळल्या. राजघराण्यातल्या मुलीने केसांवाचून राहायचं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. कराळ वाकून हळूच म्हणाला, "राजकन्ये, यातला तुझा भाऊ कोणता ते मी दाखवतो. त्याला पाज. त्याला मी आजच माणूस करीन. तुझे केस राहतील, भाऊही राहील."

काळिंदीचा हात थांबला. सगळी पिल्लं सारखीच पिवळी. कितीतरी वेळा तिने त्यांच्या डोळ्यांत इंद्रनीळला शोधलं होतं. एक बोट, आणि तिला कळलं असतं. पेटीभोवती मुलांच्या आया उभ्या होत्या. तिला खूप मोह झाला, हे सांगायलाच हवं.

"दाखवू नका," ती म्हणाली. "कळलं तर माझा हात बाकीच्यांना कमी पडेल."

आणि तिने एकूण एक चोच बुडवली. शेवटची बट पडली तेव्हा तिचं डोकं तळहातासारखं झालं होतं. गर्दीतून कोणीतरी कुजबुजलं, "बोडकी."

"काय आहे?" कोंबडी खिडकीतून खेकसली. "हाक कोणी मारली?"

काळिंदी खदखदून हसली. दासीने डोक्यावर घ्यायला शेला पुढे केला, तो तिने घेतला नाही.

आता उरलं भय. काळिंदी राजापुढे उभी राहिली. "महाराज, ही पेटी मोडायची आहे. तो डरकाळी फोडणार, पिल्लं कोपऱ्यात धावणार आणि तिथेच चेंगरून मरणार. मला कोपरा नको."

"वेडी आहेस? ती त्याची भेट आहे! हात लावू नकोस. ही राजाज्ञा आहे."

"ऐकली, महाराज," ती म्हणाली, आणि तिने कुऱ्हाड मागवली.

पिल्लं टोपल्यांत काढून ठेवली आणि तिने घाव घातले. पहिल्या घावाला पेटी किंचाळली, दुसऱ्याला शिव्या देऊ लागली, तिसऱ्याला फुटली. आतल्या कोपऱ्यांतून पूर्वी हरवलेल्या कशाकशाची हाडं बाहेर पडली. आया घराकडे धावल्या आणि बांबूच्या चटया घेऊन आल्या. एकीच्या टोकाला दुसरी शिवत त्यांनी दरबाराच्या मधोमध गोल कुंपण उभं केलं. नखभरही कोपरा त्यात नव्हता. काळिंदी पिल्लं आत सोडून त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

कराळ तिसऱ्यांदा आला तो ससाण्याची सावली होऊन. छतभर पंख पसरून त्याने अशी डरकाळी फोडली की भिंतींचा चुना गळला. दरबार नेहमीप्रमाणे उठला आणि दालनाच्या कोपऱ्यात पळाला. प्रधान सेनापतीवर, सेनापती पुरोहितावर, आणि या वेळी सगळ्यांच्या तळाशी राजा.

पिल्लंही पळाली. चटईला धडकली, चटई वळली तशी वळली, आणि कडेकडेने गोल धावत सुटली. थांबून ढीग करायला जागाच सापडेना. कराळने दुसरी डरकाळी फोडली. ती धावत राहिली. काळिंदी मान वर करून सावलीकडे बघत ओरडली, "आणखी मोठ्याने! एवढंच येतं का?"

कराळने सगळं बळ एकवटून तिसरी डरकाळी फोडली. पिल्लं धावून धावून दमली होती. ती जिथल्या तिथे थांबली. त्यांच्या पंखांवरचा मऊ कापूस फाटून त्यातून खरी, टोकदार पिसं वर आली होती.

आणि कुंपणात मुलं उभी होती, अंगाला तूस लागलेली. सावली छतावरून गळून पडली. खाली एक घसा बसलेला साधा म्हातारा उरला. तो डरकाळी फोडू पाहत होता, पण नुसता खोकला येत होता. लोकांनी त्याला वाट दिली आणि तो वेशीबाहेर निघून गेला. अंगणाअंगणातल्या दगडी कोंबड्यांनी पिसं झटकली आणि दाणे टिपायला सुरुवात केली.

आयांनी आपापली मुलं उराशी धरली. इंद्रनीळ धावत आला, काळिंदीच्या कमरेला मिठी मारून वर पाहू लागला. "ताई, तुझे केस कुठे गेले?" "गेले," ती म्हणाली आणि तिने त्याला इतकं घट्ट आवळलं की तो कुरकुरला.

माणसांच्या ढिगाखालून राजाला उपसून काढलं. मुकुट वाकला होता, ओठ फुटला होता. तो लंगडत मुलीपाशी आला.

"काळिंदी, तू माझी आज्ञा मोडलीस."

"मोडली, महाराज."

राजाने वाकलेला मुकुट सावरला. मग त्याचा आवाज उतरला. "मी घाबरलो होतो गं."

"मीही घाबरले होते, बाबा. तुमचीच मुलगी आहे."

"मग तू पळाली का नाहीस?"

"पायांशी पिल्लं होती," काळिंदी म्हणाली. "पाऊल उचललं असतं तर एखादं चिरडलं असतं."

राजाने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात पुरोहित बरगडी धरून कण्हत होते, आणि त्यांच्या अंगरख्यावर राजाच्याच पायतणाचा ठसा होता. त्याने जाऊन त्यांना हात दिला, उठवून बसवलं. मग मुकुट काढून भर दरबारात मुलीच्या उघड्या डोक्यावर ठेवला. केसांचा आधार नव्हता, मुकुट घसरून कानांवर आला. तिने तो मागे सारला. सारे तिच्या पहिल्या आज्ञेची वाट पाहू लागले. काही जण सवयीने आडवे पडण्याच्या बेतात होते.

"उभे राहा," काळिंदी म्हणाली. "आणि मुलांना घरी न्या. केव्हाची कण्या खाऊन आहेत, त्यांना आधी जेवू घाला."

त्या राज्यातली मुलं त्या दिवशी आपापल्या घरी पोटभर जेवली. तुमची-आमचीही जेवोत.