कुमुदिनीताईंचं फेशियल

नगराध्यक्षांच्या पत्नी कुमुदिनीताई यांना नगरपालिकेची एक खोली पुतण्याच्या व्यायामशाळेसाठी हवी होती. पण तिथे मुलींचा ब्यूटी पार्लरचा वर्ग भरत असे. एके दिवशी त्या वर्गातच येऊन थडकल्या.

"फेशियल म्हणजे नुसती धूळफेक! माझ्यावर करून दाखवा. फरक पडला तर खोली तुमची, नाही तर उद्या कुलूप."

निवाडा ताईच देणार आणि 'नाही' म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिकवणाऱ्या बाईही पुढे येईनात. शेवटी शबाना मुलाणी पुढे झाली. ती वर्गात नवीनच होती.

तिने ताईंना खुर्चीत निजवलं, वाफ दिली. वाफेच्या उबेत ताईंना डुलकी लागली. मग शबानाने हलक्या हाताने स्क्रब चोळला, मालिश केली, लेप लावून पुसला आणि त्यांना उठवून आरसा दिला.

ताईंनी त्यात धड पाहिलंही नाही. "काडीचाही फरक नाही!"

"मग झालं तर," शबाना टॉवेलची घडी घालत म्हणाली. "मी फक्त उजवा गाल केलाय. फरकच नाही, तर डावा कशाला करू? या आता."

ताईंनी घाईघाईने आरसा पुन्हा वर धरला. उजवा गाल तुकतुकीत, डावा कोरडा, निस्तेज. संध्याकाळी हळदीकुंकवाला त्याच प्रमुख पाहुण्या होत्या.

"अगं, अशी कशी जाऊ? बायका हसतील मला!"

"का बरं, ताई? त्यांना फरक दिसेल?"

मुलींनी ओढण्या तोंडाला लावल्या. ताईंनी शबानाकडे रोखून पाहिलं, मग मुकाट्याने मान पुन्हा खुर्चीवर टेकवली.

"खोली तुमचीच," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आता डावा गाल घे. आणि जरा सावकाश चोळ."