गुणवंतनं आपल्या वस्तूवर नाव घातलं

एका गावात एक भोळा मुलगा होता. नाव गुणवंत. बारशाला नाव ठेवतात, तेव्हा आईबापांना पुढचं काय ठाऊक असणार?

बाप ट्रकवर, महिना महिना घराबाहेर. घरात आई आणि गुणवंत. दूध उतू जाऊ देऊ नकोस, असं सांगून आई एकदा शेजारी गेली, तर यानं दूध तापायच्या आतच मोरीत ओतलं. उतू गेलं नाही, हे खरं. त्याला बरोबर न्यायचीही सोय नव्हती. सात वर्षांपूर्वी आई त्याला माहेरी घेऊन गेली, तेव्हा मामा कौतुकानं म्हणाले, घर आपलंच समज. यानं मामांना बाहेर काढून आतून कडी लावली. तेव्हापासून आई माहेरी गेली नव्हती.

त्या वर्षी भावाचा निरोप आला. पोरीचं लग्न ठरलंय, हळदीला आत्या पाहिजेच. आईचा जीव कासावीस झाला. जावं तर पोराला कुणाच्या भरवशावर ठेवावं? तेवढ्यात कळलं, की डोंगरापलीकडच्या शाळेत उन्हाळी शिबिर आहे. मुलं आठ दिवस तिथंच राहतात, आपलं आपण करायला शिकतात. आईनं पिशवी भरली आणि गुणवंतला पाठवून दिलं. शहाणा होऊन आला तर मी हळदीला जाईन, असं तिनं देवापुढं दिवा लावून सांगितलं.

शिबिराच्या अचलाताई फार चांगल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, जेवण झालं की आपलं ताट आपण घासायचं, अगदी लख्ख.

"बरं ताई, लक्षात ठेवतो," गुणवंत म्हणाला. आणि त्यानं ठेवलं. सगळा घोटाळा तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी शाळेची ताटं गावातल्या एका लग्नाला गेली, म्हणून पत्रावळीवर जेवण होतं. गुणवंतनं पत्रावळ नळाखाली धरली आणि राख लावून घासली. घासता घासता हातात नुसत्या काड्या उरल्या. ताई म्हणाल्या, "अरे, ही घासायची नसते. जेवण झालं की खड्ड्यात टाकायची आणि वर माती ओढायची."

"बरं ताई, लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी पत्रावळी संपल्या. ताईंनी गावच्या देवळातून स्टीलची चाळीस ताटं आणली. जेवणं झाली, मुलं हात धुवायला गेली, आणि परत येऊन पाहतात तर ताटं नाहीत. गुणवंत खड्ड्यावर उभा राहून पायानं माती दाबत होता. सगळ्यांनी मिळून ताटं उकरली. ताई घाम पुसत म्हणाल्या, "ही दुसऱ्याची वस्तू होती रे. दुसऱ्याची वस्तू जिथून आली तिथं नेऊन द्यायची. हात जोडून आभार मानायचे."

"बरं ताई, लक्षात ठेवतो."

चौथ्या दिवशी सरपंचांनी मुलांसाठी पिकलेल्या आंब्यांची पाटी पाठवली. ताईंनी आमरसाचा बेत केला, पुऱ्यांची कणीक मळायला घेतली. गुणवंतनं पाटी डोक्यावर घेतली, भर उन्हात सरपंचांच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि हात जोडून आभार मानले. सरपंचांना वाटलं, आंबे आंबट निघाले. ते रुसले ते रुसलेच. मुलांनी पुऱ्या पाण्यासारख्या वरणाबरोबर खाल्ल्या. ताई जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "मायेनं आलेलं परत करायचं नसतं. सगळ्यांत सारखं वाटून टाकायचं."

"बरं ताई, लक्षात ठेवतो."

मधले दिवस बरे गेले, कारण गुणवंतला ताप आला होता. शेवटच्या दिवशी ताईंनी सगळ्यांना सामान आवरायला सांगितलं. गुणवंतनं पिशवी उघडली. आईनं मायेनं भरलेली पिशवी. एकाला सदरा दिला, एकाला चड्डी, एकाला पंचा. मोज्यांचा एकच जोड होता, तेव्हा एक मोजा एकाला आणि दुसरा दुसऱ्याला. मग अंगावरचंही वाटलं आणि चादर गुंडाळून समाधानानं बसला. कोणते कपडे कुणाचे, हे शोधण्यात ताईंची अख्खी दुपार गेली. शेवटी त्यांनी एक जाड काळं पेन त्याच्या हातात ठेवलं. धुतलं तरी न जाणारं.

"गुणवंत, आता शेवटचं सांगते. जे जे आपलं असेल, त्यावर आपलं नाव-गाव घालायचं. खाली लिहायचं, हरवल्यास आणून द्यावे. मग ते कुठंही जाऊ दे, फिरून घरी येतं."

"बरं ताई, लक्षात ठेवतो."

घरी येऊन गुणवंतनं अंथरूण घडी केलं, ताट घासलं, कंदिलाची काचही पुसली. आईनं हे पाहिलं आणि ती हरखून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठली, नवी साडी नेसली. तीन दिवस जेवायला शेजारच्या सखूकाकूंकडे जायचं, असं बजावून ती पाठमोरी बसून लाडवांचा डबा बांधू लागली. गुणवंत मागं येऊन बसला. त्याचा हात पाठीवरच्या पदरावरून हळूहळू फिरू लागला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळ. पोराला माया कळायला लागली, असं आईला वाटलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरून आले होते.

तालुक्याच्या स्टँडवर ती माहेरच्या गाडीची वाट पाहत उभी राहिली. मागं चार माणसं जमली. कुणी हळहळलं, कुणी पाणी आणून दिलं. एक कंडक्टर पुढं आला.

"मावशी, घाबरू नका. गुणवंत कोण तुमचे?"

"माझा मुलगा."

"बघा, आठवतंय त्यांना," कंडक्टर लोकांना म्हणाला. "चला, घरी सोडतो तुम्हाला."

"अहो, मी हरवले नाही. मी भाचीच्या हळदीला चाललेय."

"हरवलेली माणसं असंच म्हणतात, मावशी. बसा."

धरून, समजावून त्यांनी तिला परतीच्या गाडीत बसवलं. आईनं पदर पुढं ओढून वाचला, तेव्हा अर्धी वाट मागं पडली होती आणि दिवसाची दुसरी गाडी नव्हती. तिकडं आत्याविना हळद लागली.

संध्याकाळी कंडक्टरनं आईला दारात आणून उभं केलं. गुणवंतनं पदरावरचं अक्षर आपलंच आहे ना, हे नीट पाहिलं. मग हात जोडून कंडक्टरचे आभार मानले.

आईनं रागानं हात उगारला. गुणवंत तिच्याकडे बघून आनंदानं हसत होता.

"आई, ताई म्हणाल्या ते खरं निघालं गं. त्याच दिवशी परत आलीस. आता बाबा आले की त्यांच्या पाठीवरपण लिहू."