दादाची सात नंबरची काठी

एका गावात एक भोळा धाकटा भाऊ होता. थोरलाही होता, पण तो गेल्या साली गेला. धाकट्याचं नाव सुदाम, थोरल्याचं हणमंत. सगळं गाव हणमंताला दादा म्हणायचं, म्हणून आपणही दादाच म्हणू.

सुदाम सांगितलेलं सगळं ऐकायचा. एवढी एकच त्याची खोड. 'रोपाला पाणी घाल' म्हटलं की घालायचा, आणि 'बस' म्हणेपर्यंत घालतच राहायचा. दादा होता तोवर त्याचं काही बिघडलं नाही. दादा काम सांगायचा आणि 'बस' म्हणायला शेजारी उभा राहायचा. दादा गेला. सांगणारे पुष्कळ उरले, 'बस' म्हणणारं कुणी उरलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला माळ होता. शहरातल्या साहेबलोकांनी तिथं क्लब काढून गोल्फचं मैदान केलं होतं. खेळ सोपा. लिंबाएवढा पांढरा बॉल काठीनं टोलवत न्यायचा आणि झेंड्याखालच्या खळग्यात घालायचा. साहेब टोलवायचे आणि गावातली माणसं त्यांच्या नंबर घातलेल्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागं चालायची. त्यांना कॅडी म्हणत. दादा कॅडी होता.

वर्षातून एकदा कॅडींचाही सामना व्हायचा. शेवटचा एकच झेंडा, तळ्याकाठचा. कमी टोल्यांत बॉल खळग्यात घालील तो जिंकला. जिंकणाऱ्याला क्लबची एक काठी मिळायची, पण वर्षभरापुरती. पुढच्या सामन्यात त्यानं किंवा त्याच्या घरातल्या माणसानं त्याच काठीनं बॉल खळग्यात घातला तर काठी कायमची त्या घरची. नाही घातला तर परत क्लबच्या कपाटात.

मागच्या सामन्यात दादा जिंकला. सात नंबरची काठी घेऊन नाचत घरी आला. त्या रात्री बारा पोळ्या खाल्ल्या. दादा ताटावर बसला की कधी 'नको' म्हणायचा नाही. चार दिवसांनी ताप आला, आणि त्या तापातनं तो उठलाच नाही. त्याची रक्षा त्याच झेंड्याजवळच्या तळ्यात सोडली. काठी घरी भिंतीला राहिली.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, रोज ती काठी पुसायची. खंडेनवमीला लोक कोयता-विळा पुजतात, वहिनीनं काठीला झेंडूची माळ घातली. मुठीच्या रबरावर दादाचा अंगठा बसायचा तिथं खोलगट झालं होतं. तेवढी जागा मात्र ती पुसायची नाही.

एक दिवस ती म्हणाली, "भावजी, आठ दिवसांनी सामना. घरात पुरुषमाणूस म्हणून तुम्हीच."

"मी काय करू?"

"कितीही टोले मारा. बॉल त्या खळग्यात घाला. काठी घरातनं जाऊ देऊ नका."

"बरं," सुदाम म्हणाला.

सगळ्यांत जुने कॅडी केरबातात्या. सुदाम काठी घेऊन त्यांच्याकडं गेला. तात्या रोज पहाटे साहेब यायच्या आत त्याला शिकवायला लागले.

पहिल्या दिवशी तात्या म्हणाले, "लेका, काठी म्हणजे कुदळ नव्हं. मुठीत चिमणीचं पिल्लू आहे असं समज. आवळायचं नाही. हलक्या हातानं धर."

"चिमणीचं पिल्लू. बरं."

त्या दिवशी संध्याकाळी वहिनीनं त्याला माळावरनं शेळी आणायला पाठवलं. सुदामनं शेळीचं दावं मुठीत घेतलं. चिमणीच्या पिल्लासारखं. शेळीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा दाव्याकडं बघितलं, आणि गेली. शाळेतल्या गुरुजींच्या परड्यात शिरली आणि मेथीचे तीन वाफे संपवूनच बाहेर आली. गुरुजी दारात येऊन ओरडून गेले. वहिनीनं कपाळाला हात लावला.

"अहो भावजी, दावं सोडलं कशाला?"

"सोडलं नाही. हलकं धरलं. पिल्लू मरंल ना."

"कसलं पिल्लू? आपलं जे आहे ते दोन्ही हातांनी आवळून धरायचं. कुणी ओढलं तरी सोडायचं नाही!"

"बरं. आता सोडणार नाही."

दुसऱ्या पहाटे सुदामनं काठी अशी आवळली की त्याचे दंड लटलटायला लागले. टोला मारला. बॉल जागच्या जागी राहिला आणि हिरवळीचं ढेकूळ तात्यांच्या धोतरावर बसलं.

तात्यांनी धोतर झटकलं. "बॉल सोडून कुठं बघत होतास? डोकं खाली! बॉल जिथं ठेवलाय तिथंच नजर. टोला बसला, बॉल गेला, तरी मान वर करायची नाही. वर केलीस की खेळ संपला."

"मान वर करायची नाही. बरं."

शुक्रवारी तिथीनं दादाचं वर्षश्राद्ध होतं. त्याला वहिनीचे वडील येणार होते. आप्पा वयानं थकलेले, डोळ्यांनी अधू. वहिनी म्हणाली, "गुरुवारी चारची एसटी. फाट्यावर उभे राहा आणि आप्पांना घेऊन या."

सुदाम फाट्यावर उभा राहिला. जिथं एसटी थांबते तिथं त्यानं नजर लावली. एसटी आली. चाक थांबलं. सुदाम चाकाकडं बघत होता. चपला उतरल्या, पिशव्या उतरल्या, एक काठी टेकत उतरली. चाक गेलं. सुदाम चाक होतं तिथं बघत राहिला. मान वर केली नाही. तिन्हीसांजेला गावातला एक बैलगाडीवाला आप्पांना शेजारच्या गावातनं शोधून घेऊन आला. येताना सुदामलाही फाट्यावरनं गाडीत घातलं. तो तसाच खाली बघत बसला होता.

आप्पा म्हणाले, "पोरी, मी याच्या पुढ्यातनं गेलो. 'सुदाम का?' म्हणून विचारलं. हा 'हो' म्हणाला, पण वर बघंना. म्हटलं दुसरा कुणी सुदाम असंल."

वहिनी म्हणाली, "अहो भावजी, माणसाकडं मान वर करून बघावं! आणि जाणारा असला तर तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहावं. लगेच नजर काढू नये."

सुदामनं मान वर केली. मग म्हणाला, "दादा गेला तेव्हा मी झोपलो होतो."

वहिनीनं चुलीत लाकूड सारलं.

शुक्रवारी पहाटे सुदामनं मान वर केली, झेंड्याकडं बघितलं आणि काठी फिरवली. काठी नुसत्या वाऱ्याला लागली. आणि ती अर्ध्यातच थांबली, कारण सुदाम झेंडा दिसेनासा व्हायची वाट बघत होता.

तात्या हताश झाले. "अरे, मध्येच थांबू नकोस रे बाबा! टोला मारल्यावर हात थांबवायचा नाही. काठी पार खांद्यावरनं मागं जाऊ दे. मोकळ्या अंगानं. मारलं आणि थांबला तो फसला."

"खांद्यावरनं मागं. बरं."

दुपारी श्राद्धाची पंगत बसली. समोरासमोर दोन ओळी. मधून वाढपी. सुदामच्या हातात कढीची बादली आणि ओगराळं आलं. पहिल्याच पानावर पोलीसपाटील होते. सुदामनं ओगराळं बुडवलं, पाटलांच्या पानावर आणलं, कढी वाढली. पण हात थांबवला नाही. ओगराळं मोकळ्या अंगानं पार खांद्यावरनं मागं गेलं. उरलेली कढी मागच्या ओळीत गुरुजींच्या टोपीवर बसली. दुसरं पान, दुसरं ओगराळं. कढी भटजींच्या पाठीवर. तिसरं पान. आता मागची ओळ पानं उचलून उठायला लागली.

"अरे, धरा त्याला!"

"माझी मेथी खाल्ली, आता मलाच कढीत घातलं!" गुरुजी ओरडले.

पोपट नावाचा कॅडी पंगतीच्या टोकाला बसला होता. तो म्हणाला, "गुरुजी, मेथी आणि कढी, तुमचं जेवण झालंच की!"

वर्षभर त्या घरात कुणी हसलं नव्हतं. पंगत हसली. आप्पांना दिसलं नाही, पण तेही हसले. वहिनी पदर तोंडावर धरून आत गेली. हसत गेली की रडत, ते कुणाला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा तिनं सुदामच्या हातातली बादली काढून घेतली.

"भावजी, असं नव्हं. समोरच्याला विचारायचं, 'वाढू का?' तो 'नको' म्हणाला की थांबायचं. 'नको' म्हणेपर्यंत वाढत राहायचं. कळलं?"

"कळलं. 'नको' म्हणेपर्यंत."

रविवार उजाडला. सामन्याला सगळं गाव माळावर. तळ्याच्या बांधावर बाया बसल्या, पुढं वहिनी. झेंड्यापाशी क्लबचे सेक्रेटरीसाहेब, पांढरी टोपी घातलेले. सामना झाला की त्यांना स्वतःला खेळायचं होतं, म्हणून त्यांची भारीतली पिशवी शेजारी उभी होती. चौदा काठ्यांची. कुणाला हात लावू देत नसत.

एकेक कॅडी खेळला. कुणाला पाच टोले, कुणाला सहा. पोपटानं चारांत घातला आणि मिशीवर ताव दिला. शेवटी सुदामचा नंबर. त्यानं अंगठा काठीच्या त्या खोलगट जागेवर ठेवला. बरोबर बसला.

मग त्यानं पोपटाकडं बघून विचारलं, "मारू का?"

"नको!" पोपट गमतीनं म्हणाला.

सुदाम काठी खाली ठेवून बसला.

माळ हसायला लागला. पोपट घाबरला. दादानंच त्याला हाताला धरून कॅडी केलं होतं. "अरे मार, मार! चेष्टा केली!"

"नक्की?"

"दादाची शपथ, मार!"

सुदामनं मारलं. पहिले सहा टोले वाऱ्याला लागले. सातवा लागला, पण बॉल उलट्या दिशेला गेला. अकरावा बाभळीत. सोळावा बांधावर, बायांच्या डब्यांत. सुदाम प्रत्येक बॉलकडं दिसेनासा होईपर्यंत बघत होता, त्यामुळं बॉल कुठं गेला ते एकट्या त्यालाच ठाऊक असायचं. साहेब दिवसाला चार बॉल हरवतात. सुदामनं एकही हरवला नाही.

पस्तीस टोले झाले. लोक मोजायचे थांबले. फक्त वहिनी मोजत होती. एकेचाळिसाव्याला बॉल खळग्यापासून दोन हातांवर आला. तात्यांनी डोळे मिटले.

सुदामनं हळूच टोला दिला. बॉल निघाला. सुदाम त्याच्याकडं बघत राहिला. बॉल कडेला थांबल्यासारखा झाला. कलला. आणि दिसेनासा झाला.

"गेला!" तात्या ओरडले. "गेला रे, गेला!"

पोपटानं टोपी उडवली. बायांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी उभी राहिली आणि दोन्ही हात जोडून तशीच राहिली. काठी आता घरची. कायमची.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सेक्रेटरीसाहेब भला माणूस. ते पुढं आले आणि म्हणाले, "शाब्बास! आण ती काठी इकडं. हणमंताचं नाव कोरून देतो."

त्यांनी काठीला हात घातला. सुदामनं दोन्ही हातांनी आवळली. आपलं जे आहे ते सोडायचं नाही.

"अरे, दे! परत देतो!"

साहेबांनी ओढली. सुदामनं सोडली नाही. साहेबांच्या मदतीला दोघं आले. सुदामच्या टाचांनी हिरवळीत चर पडले, पण मूठ सुटली नाही.

"भावजी, द्या हो!" वहिनी बांधावरनं ओरडली.

"तूच सांगितलंस, कुणी ओढलं तरी सोडायचं नाही!" सुदाम ओरडला.

मग तात्यांना सुचलं. माणूस शहाणा, पण सुचलं वाईट वेळी. त्यांनी हाक मारली, "सुदामा! पिल्लू! मुठीत चिमणीचं पिल्लू आहे!"

सुदामनं मूठ उघडली.

साहेब आणि दोघं जण पाठीवर पडले. काठी साहेबांच्या हातातनं सुटली, खांद्यावरनं मागं गेली, उन्हात दोनदा चमकली आणि तळ्याच्या मधोमध जाऊन बुडाली.

कुणी हललं नाही. तिथं पाणी दोन पुरुष खोल. खाली गाळ. वहिनी मटकन खाली बसली.

सुदाम मात्र बघत राहिला. काठी दिसेनाशी झाली. गोल उठले, ते काठापर्यंत आले, तेही दिसेनासे झाले. या वेळी तो झोपलेला नव्हता. त्यानं नीट शेवटपर्यंत बघितलं.

मग तो तळ्याच्या काठाशी गेला, वाकला आणि पाण्याला विचारलं, "दादा, अजून वाढू का?"

पाणी गप्प होतं.

सुदाम मागं वळला. साहेबांची पिशवी उभी होती. त्यानं ती काखेत घेतली आणि पहिली काठी उपसली. मोकळ्या अंगानं तळ्यात फेकली, हात पार खांद्यावरनं मागं गेला. तात्या पुढं म्हणायचे, तसा सुंदर हात त्यांनी जन्मात बघितला नाही.

"अरे, थांबवा त्याला!" साहेब उताणे पडल्या पडल्या ओरडत होते. "नको! नको!"

"तुम्हाला नाही विचारलं," सुदाम म्हणाला. "दादा, अजून?"

बांधावर वहिनी पदर तोंडाला लावून हलत होती. या वेळी सगळ्यांना कळलं. ती हसत होती.

पिशवीत चौदा काठ्या होत्या. दादा एकदाही 'नको' म्हणाला नाही.