पोस्टातले बाबूराव

मोठ्या शहराला खेटून असलेल्या एका गावात एक छोटे रेडिओ केंद्र होते. केंद्र म्हणजे एक खोली, एक माईक आणि छपरावर एक मनोरा. ते सोपानराव ढमढेरे चालवत. नळाला पाणी उशिरा येणार, कुणाची म्हैस चुकली, कुणाकडे बारसे आहे, हे सारे ते रोज सकाळी सांगत. गावात निम्मी घरे जगदाळ्यांची आणि एकेका नावाची दोन-दोन माणसे. म्हणून सोपानराव प्रत्येकाचे नाव ओळखीसकट घेत. आंब्याखालचे बाबूराव, पोस्टातले बाबूराव. गावातल्या दुकानदारांच्या जाहिरातींवर केंद्राचे कसेबसे भागे.

पुढे शहरातल्या बड्या केंद्राचा आवाज गावात खणखणीत ऐकू येऊ लागला. दिवसभर गाणी, दिवसभर खिदळणे. दुकानदार एकेक करून तिकडे वळले. आपल्या केंद्राला टाळे लागणार, या धास्तीने सोपानरावांची झोप उडाली. शहरात राहणाऱ्या भाच्याने सल्ला दिला, "मामा, ही दवंडी बंद करा. शहरासारखं बोला."

बुडत्याला काडीचा आधार. सोपानरावांनी म्हशी आणि बारशी सोडून दिली. शहरातल्या कुठल्या पुलावर गाड्या तुंबल्या, हे ते घोळवून सांगू लागले. गावात गाड्या तुंबायला पूल तरी कुठे होता? नावामागची ओळखही त्यांनी गावंढळ म्हणून गाळली.

एका सकाळी त्यांनी गंभीर स्वरात सांगितले, "श्री. बाबूराव जगदाळे यांचे दुःखद निधन झाले आहे. अंत्ययात्रा दहा वाजता राहत्या घरून निघेल."

आंब्याखालचे बाबूराव बरेच दिवस आजारी होते. तेच गेले असे समजून सारे गाव हार घेऊन त्यांच्याकडे लोटले. ते अंगणात बाजेवर बसून चहा पीत होते. "आलाच आहात तर चहा घेऊन जा," ते म्हणाले. लोक हसले, रेडिओने थाप मारली म्हणाले आणि आपापल्या कामाला गेले.

गेले होते ते कालपर्यंत धडधाकट असलेले पोस्टातले बाबूराव. अर्धवट पत्त्याचे पत्रही त्यांनी हयातभर बिनचूक घरी पोहोचवले होते. ज्यांनी गावातले प्रत्येक दार शोधले, त्यांचे दार त्या दिवशी गावाला सापडले नाही. सोपानराव तिथे पोहोचले, तेव्हा तिरडीला चौथा खांदेकरी मिळत नव्हता. तो खांदा त्यांनी दिला.

सोपानराव स्मशानातून परतल्यावर बाबूरावांच्या पत्नी, पार्वताबाई, त्यांना एवढेच म्हणाल्या, "भाऊ, नुसतं 'पोस्टातले' म्हणाला असतात, तरी सगळे आले असते."

सोपानरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या सकाळी ते आपल्या जुन्या आवाजात बोलले, "पोस्टातले बाबूराव गेले. काल मी त्यांना ओळख दिली नाही. चूक माझी आहे. दहाव्याला नदीवर या."

दहाव्याला नदीकाठी उभे राहायला जागा उरली नाही. दुकानदारही त्या गर्दीत होते. एका वाक्यावर इतके गाव गोळा करणे शहरातल्या केंद्राला जमणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. हळूहळू ते जाहिराती घेऊन परतले. केंद्र काही मोठे झाले नाही, पण त्याला टाळेही लागले नाही.

तात्पर्य: मोठ्याची नक्कल करणारा लहान स्वतःचे होते तेही गमावतो, आपल्या माणसांची ओळख जपणाऱ्याची जागा मात्र मोठ्यालाही घेता येत नाही.