धामणीच्या तिरकमठ्याची कहाणी

ऐक गे धामणाई, तुझी कहाणी. आटपाट डोंगर होता, डोंगराखाली पाडा होता. पाड्यात गोमा नावाचा शिकारी, आवडी त्याची बायको, घरात म्हातारी सासू. उतारावर साऱ्या पाड्याची नाचणी. नाचणी पिकली की एक सुळेवालं डुक्कर उतरायचं, शेत उधळून जायचं. त्याच्यासमोर उभा राहील असा एकटा गोमा. एका साली ऐन वेळी त्याचा जुना तिरकमठा काडकन मोडला. डुकरानं मांडी फाडली. गोमा वाचला, पण लंगडा झाला. आता पळून जीव वाचवणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं. नवा तिरकमठा पक्का हवा, नाहीतर पुढच्या खेपेला आवडीचं कुंकू पुसलं जाणार. गोमाला डोंगर चढवेना, म्हणून लाकूड आणायचं काम आवडीकडे आलं.

आता ही आवडी कशी? भारी उतावळी. चुलीवर भात ठेवला की दहादा झाकण उचलणार. हसू नका बायांनो. लोणचं मुरायच्या आधी तुमच्या बरणीत कितीदा बोट जातं, ते मला ठाऊक आहे.

पहिलं साल आलं. सासू म्हणाली, "सूनबाई, तिरकमठ्याला धामणीच्या झाडाची काठी आणावी. माघात पानं झडली, रस उतरला, की अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावी. पण त्याआधी—" आवडी कसली ऐकते? माघ लागताच कोयता घेऊन निघाली. रान सगळं उघडंबोडकं. पान नाही, फळ नाही. जे सरळ दिसलं ते तोडलं. ती धामण नव्हतीच. गोमानं वाकवलं, कटकन मोडलं. त्या साली नाचणी गेली.

दुसरं साल आलं. सासू म्हणाली, "अगं, धामण पावसात ओळखावी. पानाचं बूड एकीकडे कललेलं, फळ वाटाण्याएवढं, साल ओढली तर दोरीसारखी सुटते. तिला खूण बांधावी, माघात तोडावी. मग—" आवडी उठलीसुद्धा. झाड बरोबर ओळखलं, खूण बांधली, माघात तोडलं. पण वाळेपर्यंत दम कुणाला? काठी नेऊन चुलीवर टांगली. काठी टोकापासून तडकत गेली. त्या साली नाचणी गेली, राखणीचा कुत्राही गेला.

तिसरं साल आलं. सासू म्हणाली, "टोकांना शेण लिंपावं. चुलीपासून लांब, सावलीत, माळ्यावर आडवी ठेवावी. पावसाळाभर मुरू द्यावी. आणि—" आवडी म्हणाली, "कळलं, कळलं!" नवी काठी आणून माळ्यावर ठेवली. पण जीव थाऱ्यावर राहीना. वाळली का? मुरली का? रोज शिडी चढे, रोज गुडघ्यावर धरून जरा वाकवून बघे. मग काय झालं? ओल्या लाकडानं बाक धरला. वाकलं ते सरळ होईना. दसऱ्याला गोमानं डुकरावर बाण सोडला, तो चार पावलांवर पडला. पाड्यानं आरडाओरडा केला म्हणून गोमा जगला.

मग आवडीनं सासूचे पाय धरले. "आत्याबाई, माझ्याच हातांनी मी त्यांना मारीन. मला वसा सांगा."

सासू म्हणाली, "सांगेन. पण तू उतशील, मातशील, अर्ध्यात उठशील."

"नाही उठणार."

सासूनं तिच्या मुठीत तांदळाचे दाणे दिले. तुमच्या मुठीत आत्ता आहेत ना, तसेच. "माझं बोलणं सरेपर्यंत मूठ उघडू नको." आवडीचे पाय वळवळले, मूठ घामेजली, पण ती बसून राहिली. सासूनं राहिलेलं सगळं सांगितलं. "तोडायच्या आदल्या दिवशी झाडाला आवतण द्यावं, हळदकुंकू वाहावं. हवं तेवढंच घ्यावं, बुंधा राखावा. काठी माळ्यावर ठेवली की दसऱ्यापर्यंत हात लावू नये, वाकवून बघू नये, कुणी मागितली तरी देऊ नये. तिथं धामणाई निजलेली असते."

आवडीनं वसा घेतला. पावसात ओळखली, माघात आणली, माळ्यावर ठेवली. हात शिवशिवत, ती ते पदरात गुंडाळून ठेवी.

त्या साली नाचणी लवकर पिकली. पितृपक्ष लागला तोच डुक्कर उतरलं. गोमा म्हणाला, "काढ ती काठी."

"नाही."

"रिकाम्या हातानं जाऊ?"

"अजून मुरली नाही. मोडेल."

"मोडली तर मोडली!"

"मी देत नाही."

गोमा संतापला. "नवऱ्यापेक्षा लाकूड प्यारं झालं तुला!" असं म्हणून कोयता घेऊन लंगडत निघाला. आवडी माळ्याकडे वळली. एक पाय शिडीवर गेला. तो तिनं खाली घेतला. मग कोपऱ्यातला फुटका हंडा उचलला नि धावत सुटली. गोमाच्या आधी शेतावर पोचली. हंडा बडवीत, ओरडत, बांधाबांधानं फिरू लागली. बसेना, थांबेना, तोंड मिटेना. डुक्कर बांधाशी आलं, फुरफुरलं, माघारी गेलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. पितृपक्ष सरला, घट बसले, तरी दिवस कलला की आवडी शेतावर. जिला घरात घटकाभर बसवत नव्हतं, तिच्या पायांनी पाड्याची नाचणी राखली.

मग दसरा आला. सासूनं हळदकुंकू वाहिलं, गोमानं काठी उतरवली. वाकताना बाहेर राहणाऱ्या पाठीला सुरी लावली नाही, आतल्या पोटाकडून तासली. थोडी थोडी वाकवत नेली, दोर चढवला. दिवस कलला. आज हंडा वाजला नाही. डुक्कर बेधडक खाली आलं. गोमा बांधावर उभा. आवडी दारात डोळे मिटून उभी. दोर टणकला. मग कसलाच आवाज येईना. आवडीला डोळे उघडायचा धीर होईना.

पायरीशी लंगडं पाऊल वाजलं. गोमानं तिरकमठा तिच्या हातात दिला. म्हणाला, "पडलं डुक्कर. आता वाकव, हवं तितकं."

आवडीनं वाकवला, सोडला. सरळ झाला. पुन्हा वाकवला, पुन्हा सरळ झाला. मग ती उंबऱ्यावर बसली आणि भोकाड पसरून रडली. गोमा शेजारी बसून राहिला.

जशी धामणाई आवडीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. रानात गेलेलं माणूस दारात परत येवो, वाट बघणारीला तेवढा दम मिळो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी सांगितली, तुम्ही ऐकली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.