उसवलेली ओळ

“वाकडा टाका मी उसवला आणि तिथं सरळ घातला, तर त्यात माझं काय चुकलं, बुवा?”

मालनबाई हे विचारत होत्या तेव्हा माझ्या चुलीवर आमटी उकळत होती. माणसं नेमकी जेवणाच्या तोंडावर का येतात, हे मठात इतकी वर्षं काढूनही मला कळलेलं नाही. कुणी आलं की बुवा आपली भूक पुढं ढकलतात. त्यांच्याबरोबर माझीही ढकलली जाते, पण ते कोण विचारतो.

सिदूबुवांनी त्यांना पडवीत बसायला जागा करून दिली.

आमचा मठ म्हणजे ओढ्याकाठी एक पडवी, एक खोली आणि माझी चूल. इथं अंगारा मिळत नाही, प्रवचन होत नाही. लोक येतात, बसतात, मनातलं बोलतात. बुवा ऐकतात. कधी एखादं वाक्य बोलतात, कधी तेही नाही.

मालनबाईंना मात्र वाक्य हवं होतं, आणि तेही आपल्या बाजूचं.

बाईंना सारं गाव ओळखायचं ते त्यांच्या हातच्या वाकळांमुळं. वाकळ म्हणजे गोधडी. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालायचे आणि धावदोरा घालून शिवायचे. बाईंचा टाका बारीक आणि एकसारखा. तालुक्याच्या प्रदर्शनात त्यांच्या वाकळेला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत.

“चुकलं असं कोण म्हणतं?” बुवांनी विचारलं.

“लेक म्हणते. म्हणजे, म्हणत नाही. बोलतच नाही.”

“हं.”

“तुम्हीच ऐका आणि सांगा.”

मग त्यांनी सांगितलं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की त्यांच्या सोप्यात वाकळ अंथरली जायची. चार कडांना चौघं बसायची. एका कडेला मालनबाई, दुसरीकडं त्यांचे मालक हणमंतराव, तिसरीकडं धाकटी जाऊ सिंधू आणि चौथ्या कडेला लेक प्रणिता. प्रणिता विट्याला दिलेली, पण रविवार कधी चुकवायची नाही. प्रत्येकानं आपापल्या कडेनं सुरुवात करायची आणि शिवत शिवत मधे यायचं. पोटापाण्यासाठी नव्हतं ते, निव्वळ हौस. चहा व्हायचा, गावभरच्या गप्पा व्हायच्या, मधेच कुणीतरी सुई टोचून घ्यायचं.

“मालकांचा टाका बोटभर लांब,” बाई म्हणाल्या. “सिंधूचा दोरा सारखा गुंतायचा. आणि प्रणिता हसायला लागली की तिची ओळ वर चढायची. सारखी हसायची ती.”

“मग?”

“मग काय. संध्याकाळी सगळी उठली की मी कात्री घेऊन बसायची. त्यांचं उसवायचं, तिथं माझं घालायचं.”

“दर रविवारी?”

“वाकळ चांगली दिसायला नको का?”

“त्यांना ठाऊक होतं?”

“...नव्हतं.”

बुवांनी नुसती मान हलवली. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ही आमटी लवकर पानात पडणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

“प्रणिताला दिवस गेले,” बाई पुढं सांगू लागल्या. “बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. तिनं हौसेनं पिवळा दोरा आणला. म्हणाली, माझ्या कडेची ओळ पिवळी. पुढच्या रविवारी आली, आपल्या कडेला बसली आणि नुसती बघत राहिली. ओळ पिवळीच होती, बुवा. मी दोरा तिचाच वापरला होता. पण तिला कळलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आई, ह्यात माझा टाका कुठंय?”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, बाळाच्या अंगाला खडबडीत लागायला नको.”

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

“तिनं सुई रिळात खोचली आणि उठली. त्या दिवसापासून रविवारी येत नाही. मालक दुपारी पारावर जाऊन बसतात. सिंधूचं नेमकं रविवारीच डोकं दुखतं. मी एकटी बसते. वाकळ झकास होते, पण बघायला कुणी नसतं.”

“आणि आता?”

“आता म्हणते, बाळंतपण सासरीच करीन.” बाईंनी पदर तोंडाला लावला. “पहिलं बाळंतपण, बुवा. आणि लेक माहेरी येत नाही. रात्रंदिवस मला दुसरं काही सुचत नाही. मी काय तिचं वाईट केलं? तिच्या बाळासाठीच केलं ना?”

बुवा उठले आणि खोलीत गेले. मला वाटलं, तीर्थ-बिर्थ आणतात की काय. तर हे आपल्या जुन्या धोतरांचं बोचकं घेऊन आले.

“मला एक वाकळ शिवायचीय. बसतेस?”

मालनबाईंचा चेहरा एकदम उजळला. डोळे अजून ओले होते, पण हात बोचक्याकडं गेलासुद्धा.

“तुम्ही कशाला त्रास घेता? द्या, मी घरून करून पाठवते.”

“नको. तू त्या कडेनं शिव. मी ह्या कडेनं शिवतो.”

“तुम्हाला येतं?”

“नाही.”

मी आमटी खाली उतरवली.

दोघं बसली. बाईंनी धोतरांचे थर नीट अंथरले, सुरकुत्या मोडल्या, चारी बाजूंनी कच्चे टाके घातले. मी सुईत दोरा ओवून बुवांच्या हातात दिला, कारण त्यांना ते नाकं दिसत नाही. बाईंची सुई भराभर पळू लागली. बुवांची सुई एकीकडं निघायची आणि दुसरीकडं उगवायची. एक टाका गव्हाएवढा, तर पुढचा शेंगेएवढा. ओळ अशी चालली होती की तिला कुठं जायचंय हे तिलाच ठाऊक नसावं.

बाईंचं लक्ष आपल्या कडेवर कमी आणि बुवांच्या कडेवर जास्त.

“बुवा, टाका जरा बारीक घ्या.”

“हं,” म्हणून बुवांनी पहिल्यापेक्षा मोठा टाका घेतला.

थोड्या वेळानं बुवा हातपाय धुवायला ओढ्यावर गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच बाईंनी पिशवीतून कात्री काढली. सरसर सगळी ओळ उसवली आणि तिथं आपली घातली. मी चुलीपाशी बसून बघत होतो. मुद्दाम खोकलो. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. घ्या, आता मीही त्यांच्या कटात.

बुवा आले, बसले. ओळीवरून बोट फिरवलं. मग आपल्या हातानं एकेक टाका ओढून ती सरळ ओळ काढली आणि रिकामी सुई माझ्यापुढं धरली.

“दौलत, दोरा ओव.”

मी ओवला. बुवांनी त्याच जागी पुन्हा शिवायला घेतलं, आणि पुन्हा तसंच वाकडं.

बाईंनी खाली मान घातली. आता ह्यांना उमगलं असेल, असं मला वाटलं. कसचं काय.

जेवणं झाली. एकदाची. बुवा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. मी भांडी घासून आलो तर बुवांची ओळ पुन्हा सरळ. बाई सुपारी कातरत बसलेल्या, जसं काही झालंच नाही.

बुवांनी डोळे उघडले. बोट फिरवलं. टाके ओढून काढले.

“दौलत, दोरा ओव.”

“बुवा, पुन्हा?” मी जरा वैतागूनच म्हटलं.

“इथं माझी ओळ नाही,” बुवा म्हणाले.

ते पुन्हा शिवू लागले. त्यांच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब धोतरावर पडला. त्यांनी बोट चोखलं आणि पुढचा टाका घेतला. आता मात्र मालनबाईंना राहवलं नाही. त्यांनी लपवाछपवी सोडली. बुवांच्या देखत हात पुढं केला, कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं आणि उचकटलं.

कापड टरकलं. चांगलं हातभर.

बाईंचा हात तिथंच थांबला.

“...जुनं होतं हो कापड,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“विरलेलं होतं.”

“तुझ्या कडेलाही तेच धोतर आहे,” बुवा म्हणाले.

बाईंनी आपल्या कडेकडं बघितलं. तिकडं कापड शाबूत होतं. मग त्यांनी बुवांच्या कडेवर हात ठेवला. पुन्हा पुन्हा टोचून आणि ओढून तिथं नुसती भोकं भोकं झाली होती.

त्या भोकांवरून बोट फिरवत त्या बोलल्या. आवाज आता लहान झाला होता.

“मला काहीतरी उपाय सांगा. उपास सांगा, नवस सांगा, काहीही करते. माझी लेक घरी यायला हवी.”

बुवांनी उलट विचारलं, “दुपट्याचं काय झालं?”

“ते अर्धंच पडलंय. तिनं दुकानातलं आणलं.”

“तू बघितलंस?”

“जावईबापूंनी फोनवर फोटो पाठवला.”

“कसं आहे?”

“देखणं आहे. मशीनवर शिवलेलं. एक टाका इकडचा तिकडं नाही.” बाईंना हुंदका आला. “पण घरातल्या कुणाचा हात लागलेला नाही हो त्याला.”

“मग तुझ्या मनासारखंच झालं की,” बुवा म्हणाले.

...

खरं सांगतो, मला बुवांचा राग आला. रडणाऱ्या बाईला असं बोलतात का? मी तांब्या भरून बाईंच्या पुढं नेऊन ठेवला आणि बुवांकडं बघितलंसुद्धा नाही. बाई पाणी प्यायल्या नाहीत. गुडघ्यावर कपाळ टेकवून रडल्या. मोठ्यानं नाही, पण खूप रडल्या. बुवा शेजारी बसून राहिले. समजूत घातली नाही की उठूनही गेले नाहीत.

ऊन पडवीतून सरकून अंगणात गेलं.

मग मालनबाईंनी डोळे पुसले. आपली कड सोडून त्या बुवांच्या बाजूला आल्या आणि फाटलेल्या जागी एक ठिगळ लावलं. बुवा तेवढ्यात पाणी प्यायला उठले होते. बाईंनी त्यांची सुई उचलली. उसवलेल्या ओळीची भोकं अजून दिसत होती, वरखाली, वेडीवाकडी. बाईंनी सुई त्या भोकांतून घालायला सुरुवात केली. बुवांचा टाका जिथं जसा होता, तिथं तसाच. लांब तर लांब, तिरका तर तिरका. आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाकडं शिवत होत्या, आणि ते त्यांना सोपं जात नव्हतं. जीभ दाताखाली धरून, एकेक भोक शोधून त्या शिवत होत्या.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बाईंना कळलं. गाडी रुळावर आली. मी चहाचं आधण ठेवलं.

बुवा पाणी पिऊन परत आले आणि कडेशी उभे राहिले. मालनबाई बुवांच्या कडेवर, त्यांच्याच जागी ऐसपैस मांडी घालून बसल्या होत्या. बुवांची अर्धीअधिक ओळ त्यांनी शिवून काढली होती, हुबेहूब बुवांसारखी.

“बघा,” त्या म्हणाल्या, “तुमची ओळ तुमच्यासारखीच घालून देते. एक टाका बदलत नाही.”

बुवा तसेच उभे.

बाईंनी आणखी दोन टाके घातले. मग वर न बघता हळूच विचारलं, “बुवा, आता तरी येईल का हो ती?”

“आधी तू सरक,” बुवा म्हणाले. “मी बसू कुठं?”